गोडाला आंबटाचा लगाम

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठी शाळेच्या पाटीसारख्या स्लेट दगडाचे उभे उतार आहेत. ब्रेमजवळच्या काल्मोंटवर तर द्राक्षं खुडताना धड उभंही राहवत नाही. रीस्लिंग जातीची द्राक्षं इथं पिकतात.

रीस्लिंगच्या अर्धगोड वाइनला जर्मन लोक 'हाल्बट्रोकन', म्हणजे अर्धी कोरडी, म्हणतात. लिटरमागे साखर साधारण 9 ते 18 ग्रॅम, तरी ती गुळमट लागत नाही. लिंबू सरबतासारखंच गणित: आंबटपणा साखरेला डोकं वर काढू देत नाही. चवीत आधी हिरवं सफरचंद, मग पीच, शेवटी लिंबाची साल.

जुन्या बाटलीला मात्र चक्क रॉकेलचा वास येतो! तो भेसळीचा नव्हे, टीडीएन नावाच्या संयुगाचा.

झणझणीत जेवणासोबत ही वाइन झकास जमते. नाशिकची सुला ही वाइन कंपनीही रीस्लिंग बनवते.