बंदराचा माल भरायचा तो तेरमध्ये

औराद शहाजानीच्या बाजूला मांजरेला मिळणारी तेरणा आमच्या निलंगा तालुक्यात येते, त्याआधी ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावावरून वाहत येते. दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव ‘तगर’ या नावाने समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते.

परीक्षा संपल्या की आमच्या भागातली मंडळी समुद्र बघायला निघतात. मुंबई, अलिबाग, जंजिरा, गणपतीपुळे ही ठरलेली ठिकाणे. त्यात कुणाला इतिहासाची ओढ असली तर तो वाट वाकडी करून चौल, सोपारा किंवा थेट गुजरातेतले भरूच गाठतो. अशा प्रत्येकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे की जुने बंदर समजून घ्यायचे असेल तर आधी तेरला जाऊन या. किनाऱ्यावर जहाज लागते हे खरे, पण त्यात काय भरायचे हे ठरते ते घाटावरच्या शेतात, मागावर आणि पेठेत. ते सगळे तेरला होते.

खलाशाच्या वहीतले नाव

‘पेरिप्लस’ हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातले ग्रीक पुस्तक. लिहिणाऱ्याचे नाव कळत नाही. तो इजिप्तमधला, ग्रीक बोलणारा व्यापारी असावा. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानकडे येणाऱ्यांना कुठे काय मिळते, कुठे काय विकते, कुठे धोका आहे, हे त्याने बंदरवार सांगितले आहे. त्यात भरूचचे वर्णन सर्वांत तपशीलवार. खंबातच्या आखातातल्या भरती-ओहोटीची त्याने धास्तीच घेतलेली दिसते. पाणी ओसरले की तळ उघडा पडतो, भरती आली की जहाजे ओढली जातात, उलटतात. म्हणून तिथल्या राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परक्या जहाजांना भरतीची वेळ साधून आत आणत.

एवढा जीव धोक्यात घालून ही जहाजे कशासाठी येत? त्याचे उत्तर त्याच पुस्तकात आहे. भरूचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे शहर. पैठणहून अकीक येई. तगरहून येई जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल, आणि पलीकडच्या किनाऱ्याकडून तगरच्या पेठेत जमा झालेला इतर माल. हे सगळे, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, गाड्यांवर लादून बंदराला पोचत असे. म्हणजे तेर हे कापूस पिकवणाऱ्या काळ्या रानाचे शहर होते आणि पूर्व व पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा नाकाही होते.

नकाशा काढून पाहिला की एक गोष्ट खटकते. तेरला कल्याण कितीतरी जवळ, मग माल भरूचला का? याचे कारण राजकारणात होते. त्या काळात क्षत्रप आणि सातवाहन यांच्यात कोकणच्या बंदरांवरून झुंज चालू होती. कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजेसुद्धा पहारा ठेवून भरूचकडे नेली जात, अशी नोंद पेरिप्लसमध्ये आहे. बंदराचे दैव राज्यकर्ते फिरवत होते, आणि लांबचा पल्ला मारत होते आमच्याकडचे बैल.

तगर म्हणजे नेमके कोणते गाव, यावर विद्वानांचा बराच काळ वाद होता. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे दाखवून दिले. लवकरच हेन्री कझिन्स यांनी गावातल्या जुन्या वास्तूंचा अभ्यास केला, आणि 1958 मध्ये चापेकर यांनी उत्खनन केले. पुढेही खोदकामे होत राहिली आणि सातवाहन काळातले नांदते शहर थराथराने वर येत गेले.

लामतुरे यांचा संग्रह

निलंग्याहून औसा, लातूर, मुरूड करत ढोकी गाठली की तेर हाकेच्या अंतरावर राहते. गावात शिरल्यावर आधी पाहायचे ते कै. रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय.

तेरच्या भोवती पांढरीची टेकाडे आहेत. जुन्या वस्तीच्या राखेची, विटांची, मातीची ही टेकाडे पावसाने धुपतात आणि आतल्या वस्तू उघड्या पडतात. मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या. गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्यांचे मोल ओळखले आणि त्या जमवत राहिले. पुढे हा ठेवा शासनाकडे आला आणि गावातच संग्रहालय उभे राहिले. ज्या मातीत वस्तू निघाल्या त्याच मातीवर त्या पाहायला मिळतात, हे भाग्य फार थोड्या खेड्यांच्या वाट्याला आले आहे.

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा तो पांढऱ्या मातीच्या पुतळ्यांना. या मूर्ती दोन साच्यांत घडवल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात. दोन्ही ओले असतानाच जोडायचे, म्हणजे मूर्ती आतून पोकळ आणि वजनाला हलकी राहते. हे तंत्र रोमन जगाच्या संपर्कातून आले असावे असे अभ्यासक मानतात, पण मूर्तींचे चेहरे, केशरचना, दागिने इथले आहेत. जवळच रोमन नाण्यांवरून छाप उठवलेल्या मातीच्या चकत्या आहेत. भोक किंवा कडी ठेवून त्या गळ्यात घालत. परदेशी सम्राटाचे नाणे इथल्या माणसाच्या गळ्यातला दागिना झाले होते. शंखाच्या बांगड्यांचे तुकडेही पाहा. शंख मिळतो तो समुद्रातच, आणि तेरला कुठल्याही बाजूने समुद्र जवळ नाही.

संग्रहातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू वीतभरही उंच नसेल. ती आहे अंगावर भरगच्च दागिने ल्यालेल्या स्त्रीची हस्तिदंती मूर्ती. हिची एक बहीण 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या ढिगाऱ्यात सापडली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोचली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तशाच घडणीची आणखी एक मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाली. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठे घडली यावर मतभेद आहेत. पण तिच्या घडणीचे नाते सांगणाऱ्या दोन मूर्ती मराठवाड्यात आहेत, आणि त्यातली एक पाहायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही.

गावातून चालताना

संग्रहालयातून निघून त्रिविक्रम मंदिराकडे जावे. मंदिराच्या मागच्या बाजूला उभे राहिले की विटांची भिंत अर्धगोलात वळलेली दिसते. छत हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार. ही मुळात बौद्ध चैत्याची रचना असावी, असे कझिन्सपासून अनेकांनी म्हटले आहे. लेण्यांमध्ये कातळात कोरलेला असा आकार आपण अजिंठ्याला, कार्ल्याला पाहतो. विटांनी बांधलेला आणि आजवर उभा राहिलेला क्वचितच सापडतो. गावातले उत्तरेश्वर मंदिरही विटांचेच.

तेरणेकाठी संत गोरोबाकाकांची समाधी आहे. वारकऱ्यांना तेर माहीत आहे ते काकांमुळे. ज्या गावात सातवाहन काळापासून मातीला आकार दिला जात होता, त्याच गावात पुढे चाकावर मडकी घडवता घडवता विठ्ठलाचे नाम घेणारा संत झाला, हे लक्षात आले की आधी पाहिलेले पुतळे आणि ही समाधी एकाच गावाच्या कहाणीत बसतात.

किनाऱ्याने ठेवलेली आठवण

रोमशी चाललेला व्यापार पुढे ओसरला, तगरची पेठही उतरली. पण किनाऱ्याने हे शहर विसरले नाही. ठाणे, सोपारा, चौल ही बंदरे ताब्यात असलेले उत्तर कोकणचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. कोल्हापूरच्या शिलाहारांचेही हेच बिरुद. समुद्रावर सत्ता चालवणाऱ्या राजांनी आपल्या कुळाचा अभिमान तेरणेकाठच्या गावाच्या नावाने मिरवला.

आज भरूचला गेलात तर नर्मदेचे रुंद पात्र दिसते. सोपाऱ्याचा स्तूप नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीत आहे. चौलची खाडी गाळाने भरली. त्या बंदरांतून गेलेला माल तिथे दिसत नाही. तो घडवणाऱ्या आणि पाठवणाऱ्या माणसांच्या वस्तू तेरमध्ये आहेत. म्हणून निलंगा, औसा, लातूरच्या शाळांनी कोकणच्या सहलीआधी एक दिवस तेरला द्यावा. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, हे ऐकत वाढलेल्या आमच्या मुलांनी इथले कापड जगाच्या बाजारात जात होते हे डोळ्यांनी पाहावे.

आणि एक विनंती. पांढरीवर फिरताना मणी किंवा खापर दिसले तर खिशात घालू नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि संग्रहालयात कळवा. वस्तू कुठे, कोणत्या थरात सापडली, यावरच तिचा इतिहास उभा राहतो. हा संग्रह एका गावकऱ्याच्या जागरूकतेने सुरू झाला. तो पुढे वाढवणे तेरला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आहे.