आधी गाडीखाली बघा

राजारामपुरीत माझ्या मित्राचं शेतपंप आणि ठिबकचं दुकान आहे, पण कामं सगळी गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडची. मोटार, केबल, पाइपांची बंडलं आणि चार माणसं घेऊन जांभ्याच्या ओल्या वाटेनं चढायचं, म्हणून त्याला जुनी फोर बाय फोर हवी होती. उद्यमनगरातल्या मिस्त्रींना घेऊन आम्ही २०१६ ची एक थार बघायला गेलो.

मालक पुढचा जाड लोखंडी बंपर कौतुकानं दाखवत होता. मिस्त्री थेट गाडीखाली शिरले. "आधी खाली बघायचं. वरचा रंग काय, आठवड्यात नवा हुतोय." बॅटरीच्या उजेडात त्यांनी चासीवर वेल्डिंगचे डाग शोधले, प्रॉपेलर शाफ्ट हातानं पिळून जॉइंट ढिला आहे का बघितलं. मग टायर. बाजूवरचे शेवटचे चार आकडे '१२१७', म्हणजे २०१७ च्या बाराव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत, पण रबर कडक झालेलं. ओल्या जांभ्यावर ते पकड घेत नाही.

बंपरचं म्हणाल, तर असे गार्ड बेकायदा असल्याचं सांगून त्यांच्यावर कारवाई करा, असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. धडकेचा दणका ते थेट चासीत पोचवतात.

फोर बाय फोर लोक चढासाठी घेतात. मला तिची खरी गरज उतारावर वाटते. लो गिअरमध्ये इंजिनच चारही चाकं आवरून धरतं, ब्रेक दाबून चाकं जाम करावी लागत नाहीत. या गाडीत तो गिअर नीट पडत होता. मला खटकली ती मागची समोरासमोरची आडवी बाकं. गाडी कलली, की तिथला माणूस सरळ बाहेर. नव्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत ४ तारे मिळाले, ते या जुन्या गाडीला लागू नाहीत. शिवाय ती चाचणी धडकेची. टपावर पाइप लादून तिरक्या बांधावरून जाण्याची नव्हे.

मित्रानं ती गाडी सोडली. आता तो डबल केबिनची फोर बाय फोर कॅम्पर शोधतोय: माणसं पुढं तोंड करून, पट्टा लावून, वजन मागच्या हौद्यात, खाली.

तुम्हीही गाडी घ्याल तेव्हा रोजचं सामान भरून, माणसं बसवून ओल्या उतारावर चालवून बघा. मालक नको म्हणाला, तर ती गाडी घेऊ नका.