पेणचा गणपती आणि झेरॉक्सच्या दुकानातलं आधार



कारखान्याच्या उत्सवाची मूर्ती ठरवायला आम्ही चौघे गेल्या वर्षी पेणला गेलो होतो. पेण, हमरापूर, जोहे या बाजूला घरोघर गणपती घडतात. पूर्वी गिऱ्हाईक येऊन मूर्ती बघायचं, विसार देऊन जायचं. आता फोटो मोबाईलवर येतो आणि विसारही मोबाईलवरूनच जातो. सोय मोठी आहे, नाही म्हणता येणार नाही.

मुक्कामाला रोह्याला गेलो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण या गावात गेलं. लॉजवर आधारची प्रत मागितली, म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. "व्हॉट्सॲपवर टाका, लगेच काढून देतो," तो म्हणाला. टाकलं. प्रिंट निघाली आणि आमची नजर पडद्यावर गेली. काय सांगावं! आमच्या आधी येऊन गेलेल्या लोकांची आधार, पॅनकार्डं, पासबुकं, एका बाईंचा दवाखान्याचा रिपोर्टसुद्धा ओळीनं मांडलेला. पोरगा भला होता. पण तो संगणक उद्या कोणाच्या हाती जाईल, कोणी सांगावं?

"आवो, आपलं ऊसबिल ज्या खात्यावर पडतंय, त्यालाच ह्यो नंबर जोडलाय न्हवं?" आमच्यातले एक जुने सभासद म्हणाले.

प्रश्न खरा आहे. आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर, पिन किंवा ओटीपी नसतानाही, बँकमित्राच्या यंत्रावर खात्यातले पैसे निघतात. आणि आपले अंगठे तर खरेदीखतापासून सगळीकडे उमटलेले. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, नकली अंगठे करून खाती रिकामी केल्याची प्रकरणं इतर राज्यांत पोलिसांत गेलेली आहेत.

यावर उपाय आहे, फुकट आहे. पहिले आठ आकडे झाकलेलं आधार सरकारी संकेतस्थळावरून काढता येतं. बहुतेक ठिकाणी ओळख पटवायला तेवढं पुरतं. ठसाही लॉक करता येतो. रेशनला किंवा कुठं अंगठा लावायची वेळ आली की तेवढ्यापुरता खोलायचा. पैसे गेलेच तर लाजत बसू नये, ताबडतोब १९३० ला फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढं सरकतात.

खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. दुकानदारानं बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नये, असंही केंद्राच्या ग्राहक खात्यानं मे २०२३ मध्ये बजावलं. आपण मात्र विचारायच्या आत नंबर सांगून मोकळे! आणि आपल्याच गट ऑफिसात सभासदांच्या झेरॉक्सचे गठ्ठे उघड्या रॅकवर पडलेले असतात, हे लिहिताना आम्हालाच ओशाळं वाटतं.

त्या पोराला आम्ही म्हटलं, "बाबा, आमचं पुसून टाक." त्यानं पुसलं.

"त्या कचऱ्याच्या डब्यातनं बी काढ," जुने सभासद म्हणाले.

तेही काढलं. बाकीच्यांचं रात्री दुकान बंद करताना काढतो, म्हणाला. सकाळी निघताना आम्ही मुद्दाम डोकावलो. पडदा मोकळा होता. फक्त तीन नवी आधार येऊन बसली होती.