समुद्रातून वर आलेले विमान कसे जपतात?

१९४० साली ब्रिटनवरच्या हवाई लढाईत पाडले गेलेले एक जर्मन डॉर्निअर-१७ बॉम्बफेकी विमान इंग्लंडच्या केंट किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स इथे समुद्रतळावर उलटे पडून होते. या जातीचे जवळपास अखंड उरलेले हे एकमेव विमान. जून २०१३ मध्ये ते वर काढले गेले आणि खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली.

विमानाचा सांगाडा प्रामुख्याने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड त्याच्या गंजलेल्या खड्ड्यांत खोल मुरते. पाण्याखाली गंज संथ चालतो, पण हवा लागताच तो झपाट्याने वाढतो. ॲल्युमिनियमला पोलादाचे भाग जोडलेले असतील, तर तिथे झीज आणखी वेगाने होते. म्हणून विमान कोरडे पडू न देता कॉसफर्डच्या आर.ए.एफ. संग्रहालयात नेले. तिथे त्याच्यावर प्लास्टिकच्या बोगद्यांत सौम्य सायट्रिक आम्लाच्या द्रावणाचे फवारे सतत मारले गेले. लिंबातल्या या आम्लाने शंखशिंपल्यांचे थर सुटतात आणि क्लोराइड निघून जाते. द्रावणाची आम्लता मात्र काटेकोर राखावी लागते, नाहीतर धातूच विरघळेल.

हे विमान नव्यासारखे चकचकीत करायचे नाही, असे संग्रहालयाने ठरवले. तो निर्णय मला मोलाचा वाटतो. नवे पत्रे आणि नवा रंग चढवला, तर युद्धाचा अस्सल पुरावाच झाकला जातो. वाकलेले पाते आणि फाटलेला पत्रा हीच इथली साक्ष आहे, आणि ती पुढच्या पिढ्यांपर्यंत जशीच्या तशी पोहोचायला हवी.