माहुलच्या पहाटेची हवा

पीएम २.५ मोजणाऱ्या सॅम्पलरमधला फिल्टर ४७ मिलिमीटर व्यासाचा असतो. पांढराशुभ्र, जरा झुळूक आली तरी उडून जाईल इतका हलका. त्याला बोट लावायचं नाही. चिमट्याने फक्त कडेची रिंग धरायची. यंत्र मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतं, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर. आपल्या देशाच्या मानकानुसार दिवसाची सरासरी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. गुणाकार केला तर मर्यादेला टेकलेल्या दिवशीसुद्धा या फिल्टरचं वजन दीड मिलिग्रॅमनेही वाढत नाही. माझं सगळं काम एवढ्याशा वजनावर उभं आहे.

किनाऱ्यावर या वजनाला सर्वांत मोठा धोका दमटपणाचा. समुद्राच्या मिठाचे कण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की पाणी ओढून घेतात आणि फुगतात. प्रकाशकिरणाच्या आधारे कण मोजणारे स्वस्त सेन्सर त्या पाण्यालाही धूळ समजतात, आणि दमट वेळी त्यांचा आकडा उगाच चढतो. फिल्टर मात्र प्रयोगशाळेत आणून ठराविक तापमानाच्या कोरड्या खोलीत २४ तास ठेवायचा आणि मगच वजन करायचं. सोबत एक कोरा फिल्टरही मोजणीच्या ठिकाणी, माहुलला, जातो. यंत्रात बसतो, हवा न ओढता निघतो आणि डबीतून परत येतो. त्याचं वजन वाढलेलं दिसलं तर दोष आमच्या हाताळणीचा, हवेचा नव्हे. अहवालातला आकडा वाचण्याआधी मी नेहमी या कोऱ्या फिल्टरची नोंद बघते.

माहुल हे मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरचं कोळ्यांचं जुनं गाव. एका अंगाला खाडी, तिवरं आणि हिवाळ्यात चिखलात चरणारे रोहित; दुसऱ्या अंगाला तेलशुद्धीकरण कारखाने, साठवणुकीच्या टाक्या आणि टँकरची रीघ. आमचं यंत्र एका गच्चीवर आहे. शेजारच्या गच्चीवर जवळा वाळत घातलेला असतो.

दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे, हे आपण शाळेत शिकलो. माहुलमध्ये त्याला एक मोठी पुरवणी जोडावी लागते. पश्चिमेकडून येणारा खारा वारा इथे पोचतो तो दादर, परळ, शिवडीवरून, वाटेतला धूर नि धूळ घेऊनच. तरी तो जोरात असतो, त्यामुळे हवा हलती राहते. हिवाळ्याच्या रात्री वारा पडतो, जमिनीलगतची थंड हवा खालीच अडकते, आणि जी काही झुळूक येते ती कारखान्यांच्या बाजूने. दुपारच्या आणि पहाटेच्या माहुलची हवा म्हणूनच वेगवेगळी असते.

जवळा वाळवणाऱ्या मावशींना हे सांगावं लागलं नाही. मला दुपारी गच्चीवर बघून त्या म्हणाल्या, “आत्ता काय कळणार तुला? पहाटे ये, तीन-चारला. वासाने घसा धरतो.” मग फिल्टरकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “यात तो वास उमटतो का गं?”

नाही उमटत. फिल्टरवर कण अडकतात. बेंझीनसारखी बाष्पं त्यातून आरपार जातात आणि पंपाच्या वाटे बाहेर पडतात. त्यांच्यासाठी सक्रिय कोळशाची नळी लावून वेगळं सॅम्पलिंग करावं लागतं. मावशींनी एका प्रश्नात आमच्या पद्धतीचं वर्म धरलं होतं.

कणांच्या बाबतीतही चोवीस तासांच्या सरासरीत पहाट हरवते. समजा, सहा तास १२० मायक्रोग्रॅम होते आणि उरलेले अठरा तास ४०. सरासरी बरोबर ६०. कागदावर दिवस मर्यादेत बसला; पण त्या सहा तासांत गावातली लहान मुलं, म्हातारी माणसं झोपेत तीच हवा आत घेत होती. बेंझीनचं तर त्याहून अवघड. २००९च्या राष्ट्रीय मानकांत त्याची मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, तीही फक्त वार्षिक सरासरीची. एका रात्रीला लावावी अशी मोजपट्टीच मानकांत नाही. कर्करोगाला कारण ठरणाऱ्या रसायनाच्या बाबतीत ही उणीव मला फार गंभीर वाटते.

मानक बदलणं आमच्या हातात नाही, पण मोजण्याच्या वेळा आहेत. चोवीस तासांचा नेहमीचा फिल्टर चालू राहतोच, कारण तुलना त्याच्यावरच होते. त्याच्या जोडीला दुसऱ्या यंत्रावर संध्याकाळी सहा ते सकाळी सहा असा रात्रीचा वेगळा फिल्टर लावता येतो. हवा निम्मीच ओढली जाते, म्हणून वजन अधिक काटेकोर करावं लागतं, एवढंच. कोळशाची नळीही रात्रीच लावायची आणि वाऱ्याची दिशा तासातासाला टिपायची. आमच्या नोंदवहीत तापमान, प्रवाह, सुरू-बंद वेळ असे रकाने छापलेले आहेत. त्यांच्या शेजारी मी हाताने आणखी एक आखला आहे: वास कोणाला आला, किती वाजता, कोणत्या बाजूने. तो भरायचं काम मावशींनी आणि पहाटे होडीवर जाणाऱ्या दोघा-तिघांनी घेतलं आहे. नळीचा निकाल आला की आधी तो या रकान्यातल्या वेळांशी ताडून बघायचा, मग अहवाल लिहायला घ्यायचा.