तारेवरून पलीकडे

आमच्या रात्रीच्या वर्गाला भाजी विकणाऱ्या एक मावशी येतात. मागच्या हिवाळ्यात त्यांनी एक छापील कागद वर्गात आणला. तो त्यांच्या मुलीच्या शाळेतून आला होता. सातवीच्या मुलांना एका रात्रीसाठी डोंगरातल्या शिबिराला न्यायचे होते. त्यासाठी पालकांची सही हवी होती.

मावशी म्हणाल्या, "पूर्वी अंगठा उठवून मोकळी झाले असते. आता वाचता येतंय, तीच पंचाईत झाली!"

आम्ही सर्वांनी मिळून तो कागद वाचला. गाव, तारीख, पैसे, बरोबर काय आणायचे, इथपर्यंत सगळे सोपे होते. मग एक शब्द आला : झिपलाइन. तो कोणालाच लागेना. आणि अगदी खाली बारीक अक्षरात एक ओळ होती : काही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.

झिपलाइन म्हणजे काय, ते आधी सांगतो. दरीच्या किंवा ओढ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर तारेचा जाड दोर बांधतात. एक टोक उंच, दुसरे जरा खाली. दोरावर एक कप्पी बसवतात. विहिरीवर असते तशीच, पण ही दोरावरून धावते. माणसाला पट्ट्यांनी कप्पीखाली टांगतात आणि सोडून देतात. उताराने तो सरसर पलीकडे जातो. झाले.

मावशींनी विचारले, "हे करायचं कशाला हो? पूल नाही का तिथं?"

प्रश्न बरोबर आहे. मुले हे मौजेसाठी करतात. पण पूल नसतो तिथे माणसे गरजेपोटीही हेच करतात. नेपाळच्या डोंगरात नदीवर अशी तार असते. तिला तुइन म्हणतात. तिच्यावरून लोक बाजाराला आणि मुले शाळेला जात आली आहेत. त्यात अनेकांचे हात जायबंदी झाले, काही नदीत पडून मेले. म्हणून तिथे तुइन काढून झुलते पूल बांधायचे काम हाती घेतले गेले.

हे ऐकून मावशी आणखीच घाबरल्या. मुलगी मात्र हट्टाला पेटली होती. शेवटी मावशींनी सही केली. पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहिले : डोक्याला टोप घातल्याशिवाय सोडू नये. अक्षर वाकडे होते, पण वाचता येत होते. खालच्या बारीक ओळीचे काय, असे त्यांनी विचारले. आम्ही सांगितले की कोणाच्या निष्काळजीपणाने जीव गेला तर तो गुन्हाच आहे. पालकांची सही घेतली म्हणून तो पुसला जात नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण काढले आहे. त्याप्रमाणे असे खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तो दाखला पालकांनी मागावा. मागायला लाजू नये.

शाळेने काही पालकांना बरोबर यायची मुभा दिली होती. मावशी निघाल्या. शाळेला विचारून आम्ही वर्गाचे दोघे शिक्षकही निघालो.

नाशिकहून घोटीमार्गे आम्ही भंडारदऱ्याला गेलो. हा मुलूख अकोले तालुक्यातला. वाटेत बारी गाव लागते आणि उजवी-डावीकडे नुसते डोंगरच डोंगर दिसतात. त्यात कळसूबाईचे शिखर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही, १६४६ मीटर. माथ्यावर देवीचे छोटे देऊळ आहे आणि अवघड जागी लोखंडी शिड्या लावल्या आहेत. भंडारदऱ्याचे धरण प्रवरा नदीवर आहे. ते १९२६ साली पुरे झाले. त्या पाण्याच्या काठाने शिबिराचे तंबू होते.

संध्याकाळी पिठले, नाचणीची भाकरी आणि ठेचा. मुलांनी नाके मुरडली आणि मग तीन-तीन भाकऱ्या खाल्ल्या! रात्री थंडी मी म्हणू लागली. जसजसे उंच चढावे तशी हवा गार होते. हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी. शिवाय आभाळ मोकळे असले की जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते. कागदात 'एक पांघरूण' असे लिहिले होते. मावशींनी दोन नेली होती. दुसरे कोणाकोणाच्या अंगावर फिरले, ते सकाळपर्यंत परत आले नाही.

सकाळी दोर पाहायला गेलो. ओढ्यावर शंभरेक मीटर लांब तार होती. मावशींनी आधी दोराकडे बोट केले. "हा मधे लोंबतोय. चांगला ताणून का बांधत नाहीत?"

शिबिराच्या पोराला उत्तर नीट देता येईना, म्हणून आम्ही दिले. आपण कपडे वाळत घालायची दोरी बांधतो. ती खूप ताणून बांधली आणि मधे ओली चादर टाकली तर काय होते? खिळाच उपटून येतो. जरा सैल सोडली तर तीच दोरी तीच चादर पेलते. इथेही तसेच. शंभर मीटरच्या दोरावर मधोमध साठ किलोचा माणूस आहे आणि दोर पाच मीटर खाली झुकला आहे असे धरा. तेव्हा दोरावर सुमारे तीनशे किलोचा ताण येतो. तोच दोर दोनच मीटर झुकला तर ताण साडेसातशे किलोंवर जातो. माणूस तोच, साठ किलोचा! म्हणून दोराचा झोळ हा दोष नव्हे.

दोर तुटेल ही भीती सर्वांना वाटते. पण तारेचा दोर अनेक बारीक तारा पिळून केलेला असतो. एखादी तार तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात आणि तुटलेले टोक बाहेर येऊन डोळ्याला दिसते. जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींत १८३४ साली असा दोर प्रथम वापरला. तिथे साखळीची एक कडी तुटली की सगळेच खाली जाई. खरी नजर ठेवायची ती इतर ठिकाणी. दोर ज्याला बांधला ते झाड की खांब, ते हलते का? कमरेचे आणि मांडीचे पट्टे घट्ट आहेत का? कप्पीला जोडणारी कडी नीट मिटली आहे का? एक कडी सुटली तर दुसरी आहे का? पलीकडे थांबवायला माणूस आहे का? ओढणी, मोकळे केस, हातातल्या बांगड्या हे सगळे आवरून घ्यावे, कारण कप्पी फिरती असते. आणि धावताना कप्पीच्या पुढची तार हाताने कधीही धरू नये.

मावशींनी एकेक पाहिले. झाड दणकट होते. कड्या दोन होत्या. हेल्मेटे मात्र कमी पडली. गेलेल्या मुलांबरोबर ती पलीकडे गेली होती.

"चालतंय मावशी, दोन मिनिटांचं काम आहे," पोरगा म्हणाला.

"तुला चालत असेल, बाळा. मला नाही चालत."

मागे रांग खोळंबली. मुले कुरकुरू लागली. मुलगी लाजेने लाल झाली. "आई, सगळ्यांच्या देखत काय हे!" मावशींनी पिशवीतून शाळेच्या कागदाची नक्कल काढली आणि आपली ओळ मोठ्याने वाचली. अडखळत वाचली, पण पुरी वाचली. मग गुरुजींनीही रांग थांबवली. पलीकडून एक जण हेल्मेटे घेऊन पायवाटेने वर येईपर्यंत पाऊण तास गेला.

मुलगी निघाली. आईकडे तिने पाहिलेही नाही. अर्ध्याच्या पुढे वेग मंदावला आणि ती काठ यायच्या आधीच थांबली. खाली ओढ्याचे दगड. मावशींनी आमचा दंड असा धरला की वळ उठला. पण यात घाबरण्याजोगे नव्हते. हलके मूल कधी कधी शेवटपर्यंत पोचत नाही. दोराच्या झोळात ते थांबते. त्याला ओढून घ्यायला वेगळी दोरी असते. पलीकडच्या माणसाने ती फेकली, मुलीने दुसऱ्या खेपेला पकडली, आणि तिला काठावर घेतले.

मावशींनी दंड सोडला आणि विचारले, "आता परत कशी यायची?"

पायी. तार एकाच बाजूला उतरते. परतीची वाट ओढ्यातून, चढाची, वीस मिनिटांची. मुलगी वर आली तेव्हा घामाघूम झाली होती. तिच्या दोन्ही हातांत दोन-दोन हेल्मेटे होती.