राज्याभिषेकाची लगीनघाई

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख शाळकरी पोरांनाही पाठ असते. पण ती त्या काळच्या इंग्रजांच्या ज्युलियन कालगणनेतली. आजच्या हिशेबाने तो दिवस १६ जून, म्हणजे कोकणात पाऊस दारात आलेला. तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. महिन्याच्या आत आषाढी एकादशी, की चातुर्मास सुरू. मुहूर्त हुकवून चालण्यासारखं नव्हतं.

त्यात वर्ष धड नव्हतं. फेब्रुवारीत नेसरीला सरनौबत प्रतापराव गुजर पडले, मार्चमध्ये राणी काशीबाई गेल्या. तरी रायगडावरची कामं थांबली नाहीत. ती उभारणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव जगदीश्वराच्या पायरीवर आजही वाचता येतं.

खरा पेच विधीचा होता. असा अभिषेक अलीकडे कोणी पाहिलेलाच नव्हता, तेव्हा करायचा कसा? मूळ पैठणच्या, पण काशीत स्थिरावलेल्या घराण्यातल्या गागाभट्टांनी त्यासाठी स्वतंत्र ग्रंथच रचला. अभिषेकाआधी मुंज हवी, म्हणून २९ मे रोजी चव्वेचाळीस वर्षांच्या महाराजांची मुंज लागली. थोरले चिरंजीव संभाजीराजे तेव्हा सतरा वर्षांचे! दुसऱ्या दिवशी राण्यांशी पुन्हा समंत्रक लग्न.

पाहुण्यांची बडदास्त हे वेगळंच प्रकरण. मुंबईहून इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन आला तेव्हा महाराज प्रतापगडच्या भवानीला गेले होते, त्यामुळे त्याला थांबावं लागलं. गडावर मग जेवणाचा प्रश्न. तुपातल्या खिचडीवर साहेबांचं भागेना, तेव्हा बकऱ्याच्या मटणाची सोय झाली. इंग्रज प्रवासी जॉन फ्रायर लिहितो, की रोज अर्धं बकरं खपू लागलं. कैक वर्षांत झाली नव्हती एवढी विक्री या चार दिवसांत झाली, तेव्हा अशी गिऱ्हाइकं आहेत तरी कोण, हे पाहायला म्हातारा खाटीक धापा टाकत गड चढून आला. राज्याभिषेकाच्या बखरींत हा खाटीक नाही, याची हळहळ वाटते.

अभिषेकाच्या सकाळी ऑक्झेंडनला सिंहासनाजवळ भाल्यांवर सोन्याचे मासे आणि तराजू दिसले. दरवाजाशी हत्ती उभे होते. एवढ्या अवघड वाटेने ते वर आणले कसे, हे कोडं त्याला उलगडलं नाही. गर्दीत दुभाष्या नारायण शेणव्याने हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हा कुठे महाराजांचं लक्ष गेलं.

सभासद खर्चाचा आकडा एक कोटी बेचाळीस लाख होन देतो. बखरीतल्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. इतिहासकारांनीही तो फुगवलेलाच मानला आहे. दफ्तरातली तयारी मात्र टिकली. रघुनाथपंतांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द आले. ‘श्री राजा शिव छत्रपती’ अशी अक्षरं असलेली नाणी निघाली. राज्याभिषेक शकही याच दिवसापासून सुरू झाला, आणि पुढच्या छत्रपतींच्या पत्रांवर तो पडत राहिला.